बुटाची नाडी आणि मुलाचे हात

शाळेच्या पहिल्या एकदोन वर्षांत मुलावर अनेक विद्या एकदम येऊन पडतात. त्यांत बुटाची नाडी बांधण्याच्या विद्येला सर्वांत कमी मान आहे. तिचे क्रमिक पुस्तक नाही, तिच्यासाठी वेळापत्रकात तास नाही, आणि ती शिकविण्याची वेळ बहुधा सकाळची, घरातून निघण्याच्या घाईची असते. मोठ्या माणसाला हे काम काही सेकंदांत, न पाहता आणि दुसऱ्याशी बोलत बोलत करता येते. त्यामुळे ते सोपे आहे, असा त्याचा समज झालेला असतो. तो किती खरा आहे हे पाहण्यास एक साधा प्रयोग पुरे आहे. हात मांडीवर स्वस्थ ठेवून, केवळ शब्दांनी, नाडी कशी बांधावी हे दुसऱ्यास सांगून पाहावे. बहुतेक माणसे तिसऱ्या-चौथ्या वाक्याला अडखळतात आणि त्यांची बोटे आपोआप हवेत फिरू लागतात. ही विद्या आता हातांत उरलेली असते, जिभेवरून ती केव्हाच उतरलेली असते. शिकविणाऱ्याची पहिली अडचण ती हीच.

मराठीत गाठींसाठी दोन उत्तम शब्द आहेत : निरगाठ आणि सुरगाठ. ओढल्याने जी अधिकच आवळते आणि सोडविताना नखांची परीक्षा पाहते ती निरगाठ. जिचे एक टोक ओढताच ती उलगडते ती सुरगाठ. परकराची किंवा पायजम्याची नाडी, धान्याच्या पिशवीचे तोंड, बुटाचा बंद, या सर्वांना सुरगाठ लागते, कारण जे रोज बांधावयाचे ते रोज सोडवावयाचेही असते. म्हणून ज्या मुलाने शाळेत येईपर्यंत बूट पायांत घातलेला नाही, त्याचे हातही याबाबतीत कोरे असतात असे समजू नये. पिशवीचे तोंड बांधलेल्या किंवा फुले ओवलेल्या बोटांना दोरी कशी वळते हे ठाऊक असते, आणि पुष्कळदा असे मूल बंदांची गाठ इतरांच्या आधी शिकते.

पादत्राण दोरीने आवळण्याची युक्ती फार जुनी आहे. आर्मेनियातील अरेनी येथील गुहेत सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचे एक चामडी पादत्राण सापडले. २०१० मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. ते गाईच्या चामड्याच्या एकाच तुकड्याचे आहे, आणि त्याच्या छिद्रांतून चामड्याचीच वादी ओवलेली आहे. त्या वादीला गाठ घालण्यास तेव्हाही कोणीतरी कोणाला तरी शिकविले असेलच.

आता गाठ टिकते ती कशाने? उत्तर एका शब्दात द्यावयाचे तर घर्षणाने. नदीच्या घाटावर नावाडी आपल्या नावेचा दोर खुंटाभोवती दोन वेढे देऊन केवळ हातात धरून ठेवतो, आणि प्रवाहाचा सारा जोर त्या दोन वेढ्यांवर थोपवितो. अठराव्या शतकातील थोर गणिती लिओनार्ड ऑयलर याने या वेढ्यांचे गणित मांडले. वेढे वाढतात तसतसे दोराचे बळ बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते. दोर आणि खुंट यांमधील घर्षणांक ०.३ धरला, तर एका पूर्ण वेढ्याने हाताचे बळ सुमारे साडेसहा पटींनी वाढते, तर दोन वेढ्यांनी ते त्रेचाळीस पटींच्या आसपास जाते. गाठीत निराळा खुंट नसतो. तेथे नाडी स्वतःभोवतीच वेढे घेते आणि प्रत्येक पदर दुसऱ्या पदराचा खुंट होतो. यावरून दुकानातील व्यवहाराचीही एक गोष्ट समजते. गुळगुळीत, गोल, चकचकीत कृत्रिम धाग्याच्या नाड्या वारंवार सुटतात, आणि साध्या सुताची चपटी नाडी धरून राहते. शिकणाऱ्या मुलाला पहिली नाडी सुती, चपटी आणि थोडी लांबच द्यावी. आखूड नाडीत मोठ्यांनाही फास करता येत नाही. मग लहान बोटांची गोष्ट कशाला?

परंतु घर्षणाइतकीच महत्त्वाची दुसरी बाब आहे, आणि तिच्याकडे घरोघरी दुर्लक्ष होते. बुटाची गाठ म्हणजे एकावर एक घातलेल्या दोन अर्ध्या गाठी. पहिलीत दोन टोकांची नुसती अढी असते, दुसरीत फास असतात. या दोन अर्ध्या गाठी परस्परांच्या उलट दिशांनी घातल्या तर जी गाठ होते तिला आपण येथे पक्की म्हणू. दोन्ही एकाच दिशेने घातल्या तर होते ती कच्ची. पक्की गाठ ग्रीक आणि रोमन लोकांना हर्क्युलीसची गाठ म्हणून माहीत होती, आणि शिडे आवरून बांधताना खलाशी तिचाच उपयोग करीत आले. पाहणाऱ्याला दोन्ही गाठी जवळजवळ सारख्या दिसतात. फरक ओळखण्याची खूण मात्र अगदी सोपी आहे. पक्क्या गाठीचे दोन फास बुटावर आडवे, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, पसरतात. कच्च्या गाठीचे फास पिळून उभे होतात, एक बोटांकडे आणि एक घोट्याकडे तोंड करतो. वाचकांनी आत्ताच आपल्या किंवा शेजाऱ्याच्या बुटांकडे पाहावे. आयुष्यभर कच्ची गाठ बांधीत आलेली आणि नाडीलाच दोष देत आलेली माणसे थोडी नाहीत.

कच्ची गाठ लवकर का सुटते, याचा शोध अलीकडच्या काळात पुष्कळ बारकाईने घेतला गेला आहे. अमेरिकेतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या यंत्रशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. फिरत्या पट्ट्यावर धावणाऱ्या व्यक्तीच्या बुटाची त्यांनी सेकंदाला ९०० चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्याने नोंद केली. पाऊल जमिनीवर आदळते तेव्हा गाठीला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सातपट धक्का बसतो आणि ती किंचित सैल होते. पाय पुढेमागे झुलतो तेव्हा नाडीची मोकळी टोके अदृश्य हाताने ओढल्यासारखी बाहेर ताणली जातात. केवळ बसून पाय हलविले, किंवा केवळ जागच्या जागी पाय आपटले, तर गाठ सुटली नाही. दोन्ही क्रिया एकत्र आल्या म्हणजे ती सुटू लागते, आणि एकदा सुटू लागली की पाहता पाहता सुटते. पुढे २०२० मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेतील संशोधकांनी ताण पडताच रंग बदलणारे तंतू वापरून गाठींच्या अंतरंगातील ताण प्रत्यक्ष पाहिला. पक्क्या गाठीत शेजारच्या पदरांचे पीळ परस्परविरुद्ध असतात आणि एकमेकांना अडवून धरतात. कच्च्या गाठीत पीळ एकाच अंगाला वळतात आणि सारी गाठ घरंगळत जाते.

हे ज्ञान पालकाच्या उपयोगी कसे पडावे? मूल नाडी बांधायला शिकते तेव्हा ते बहुधा कोणाच्या तरी समोर बसून शिकते. समोरच्या माणसाचा उजवा हात मुलाच्या डाव्या बाजूस असतो, आणि मूल त्याचे अनुकरण आरशातल्याप्रमाणे करते. त्यात स्वतः काही बिघडत नाही, कारण पक्क्या गाठीचे आरशातील प्रतिबिंब ही पक्कीच गाठ असते. बिघाड होतो तो सरमिसळीने. पहिली अर्धी गाठ आईने समोर बसून शिकविली आणि दुसरी आजोबांनी शेजारी बसून शिकविली, तर एक उलटी आणि एक सुलटी होऊन मुलाच्या हाती कच्ची गाठ येण्याचा संभव राहतो. मग ती वर्गात सुटते, मैदानावर सुटते, जिन्यावर पायाखाली येते. आणि 'नीट आवळून बांध' असा उपदेश त्या मुलाला वर्षानुवर्षे ऐकावा लागतो. आवळण्याने तिचा दोष जात नाही. तेव्हा शिकविणारा एकच असावा, आणि त्याने मुलाच्या शेजारी, त्याच दिशेस तोंड करून बसावे.

मुलाचे वयही ध्यानात घेतले पाहिजे. बहुतेक मुलांना ही गाठ पाच ते सात वर्षांच्या दरम्यान साधते. त्यापूर्वी ती साधत नाही याचे कारण हट्ट किंवा आळस नव्हे. या कामात एका हाताने धरून ठेवावयाचे आणि त्याच क्षणी दुसऱ्याने फिरवावयाचे असते. दोन हातांनी दोन निरनिराळी कामे करावयाची असतात. मेंदूच्या डाव्या आणि उजव्या गोलार्धांना जोडणाऱ्या तंतूंची वाढ बालपणभर चालू असते. शिवाय फास आतून बाहेर निघताना क्षणभर बोटांआड जातो. तेथे डोळ्यांचा उपयोग नसतो, बोटांनाच पाहावे लागते.

मारिया माँटेसोरी यांनी ही अडचण चांगली ओळखली होती. त्यांच्या बालगृहांत लाकडी चौकटी असत. प्रत्येक चौकटीला कापडाचे दोन पदर आणि ते जोडण्याची एकच तऱ्हा. एकीवर गुंड्या, दुसरीवर बंद, तिसरीवर ओवावयाची नाडी. अंगावरचे कपडे आणि निघण्याची घाई यांपासून ती क्रिया वेगळी काढून मुलापुढे मेजावर ठेवणे, हे त्या चौकटींचे मर्म. १९३९ मध्ये त्या मद्रासजवळ अड्यार येथे शिक्षकांना शिकविण्यास आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत भारतातच राहिल्या. त्या काळात त्यांची ही साधने अनेक भारतीय शिक्षकांच्या हाती आली. चौकट विकत घेण्याची मुळीच गरज नाही. जाड पुठ्ठ्यावर बुटाचा आकार काढून सहा छिद्रे पाडावी आणि दोन रंगांच्या नाड्या अर्ध्या अर्ध्या जोडून ओवाव्या, म्हणजे 'डावी' आणि 'उजवी' ऐवजी 'तांबडी' आणि 'निळी' असे म्हणता येते. बुटाचे टोक मुलापासून दूर, पलीकडे असावे. पायातल्या बुटाकडे वाकून पाहताना ते तसेच दिसते.

क्रम उलटा धरावा. सर्व पायऱ्या शिक्षकाने कराव्या आणि फास ओढून गाठ आवळण्याची शेवटची पायरी तेवढी मुलाला करू द्यावी. ती सहज जमते, आणि मुलाच्या हातून गाठ पुरी झालेली असते. ती पक्की बसली म्हणजे शेवटून दुसरी पायरी त्याच्याकडे द्यावी, नंतर तिसरी. पहिल्या पायरीपासून सुरुवात केली तर मूल प्रत्येक वेळी मध्येच अडकते आणि त्याचा प्रत्येक प्रयत्न अपयशाने संपतो. उलट्या क्रमात तसे होत नाही.

पायऱ्या अशा : डावे टोक उजव्या टोकावरून नेऊन त्याच्या खालून काढावे आणि दोन्ही टोके ओढावी. मग प्रत्येक बाजूस सशाच्या कानासारखा एकेक फास धरावा. उजवा कान डाव्या कानावरून नेऊन खालच्या भोकातून बाहेर काढावा आणि दोन्ही कान ओढावे. पहिल्यांदा डावे वर, दुसऱ्यांदा उजवे वर, एवढे सांभाळले की गाठ पक्की होते. एकच फास करून त्याभोवती दुसरे टोक फिरविण्याची रीत मोठ्यांत अधिक रूढ आहे. परंतु लहान मुलास दोन कानांची रीत सोपी पडते असा अनेक शिक्षकांचा अनुभव आहे, आणि तिची दिशाही तपासता येते. ज्यांना कच्ची गाठ बांधण्याची सवय जडलेली आहे त्यांनी फासांची सवय मोडण्याच्या भरीस पडू नये. पहिल्या अढीची दिशा तेवढी बदलावी.

मुलांची खरी फसगत मात्र मधल्या क्षणी होते. पहिली अढी आवळून हात फासाकडे वळले की ती ढिली पडते, आणि गाठ पुरी होईतो बूट सैल झालेला असतो. यावर एक उपाय शस्त्रवैद्यांकडून घेता येतो. टाका घालताना ते पहिल्या अढीत धागा एकदा नव्हे, दोनदा फिरवितात. वाढलेल्या वेढ्यामुळे ती दुसऱ्या गाठीची वाट पाहत स्वस्थ बसते. मुलालाही तो जादा वेढा शिकवावा.

डावखुऱ्या मुलाने सर्व क्रिया आरशाप्रमाणे उलट केल्या तर त्यास रोखू नये; फक्त सर्व उलट असाव्या, अर्ध्या नव्हे. आणि शाळकरी वयाच्या शंभर मुलांत सुमारे पाच-सहा मुले अशी असतात की ज्यांची बुद्धी उत्तम असते, पण हालचालींचा मेळ जमण्यास फार काळ लागतो. गुंड्या, पेन्सिल, नाडी या सर्वांशी त्यांचे वैर असते. वैद्यकशास्त्रात हा विकार मान्य झालेला आहे, आणि योग्य उपचारकाच्या मदतीने त्यांना पुष्कळ लाभ होतो. अशा मुलाला वर्गापुढे उभे करून गाठ बांधावयास लावणे हा निव्वळ क्रूरपणा होय. त्यास आकड्यांच्या चिकटपट्टीचे बूट द्यावे. जॉर्ज द मेस्ट्रल या स्विस अभियंत्यास १९४१ मध्ये कुत्र्याच्या केसांना चिकटलेली काटेरी फळे पाहून तिची कल्पना सुचली, आणि वृद्ध व अपंग माणसांचे तिने किती कष्ट वाचविले आहेत याची मोजदाद नाही.

गाठ सोडविणेही शिकवावे, किंबहुना तेच आधी. नाडीचे मोकळे टोक ओढावे, फास ओढू नये. घाईत मोकळे टोक फासातून निसटून सुरगाठीची निरगाठ होते आणि रडारड सुरू होते. अशा वेळी ओढाओढ करू नये. नाडीचा एक पदर गाठीच्या दिशेने आत ढकलावा, गाठ बोटांत धरून थोडी मागेपुढे वाकवावी. पदर सैल होतो, आणि मग बोथट टोकाची पेन्सिल त्यात घालून तो मुलालाच उचलू द्यावा.