टीएने पडद्यावर पेपर कसे तपासावेत

अमेरिकेत एमएस किंवा पीएचडीसाठी गेलेल्या अनेक मराठी मुलामुलींच्या हाती पहिल्या वर्षातच दुसऱ्यांचे पेपर येतात. टीचिंग असिस्टंट, म्हणजे टीए, म्हणून नेमणूक झाली की आठवड्याला साधारण 20 तासांचे काम असते आणि त्यातला मोठा वाटा असाइनमेंट तपासण्यात जातो. आपल्याकडे आयआयटीत गेट देऊन एमटेकला आलेल्यांनाही विद्यावेतनाच्या बदल्यात आठवड्याला 8 तास अशीच मदत करावी लागते. हे काम बऱ्याच ठिकाणी आता पडद्यावर होते. ते कोणत्या क्रमाने करायचे, हे आधी कळले तर वेळ वाचतो आणि गुणही न्यायाने पडतात.

मूडल, कॅनव्हास, ग्रेडस्कोप ही त्यासाठीची नेहमीची नावे. ग्रेडस्कोपचा उगम बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातला. गठ्ठे तपासून दमलेल्या तिथल्या टीएंनी ते 2014 च्या सुमारास सुरू केले आणि 2018 मध्ये ते टर्निटिन कंपनीकडे गेले. तपासणाऱ्यांनीच घडवले असल्यामुळे त्याची रचना तपासणाऱ्याच्या हाताला सोयीची आहे, म्हणून पुढचे वर्णन त्याच्या आधारे करते.

सुरुवात विद्यार्थ्यापासून होते. तो वहीतले उत्तर मोबाइलने स्कॅन करतो, पीडीएफ चढवतो आणि कोणत्या पानावर कोणता प्रश्न आहे ते नोंदवतो. टीएने तपासायला बसण्याआधी सगळ्या फाइलींवरून नजर फिरवावी. आडवी आलेली पाने, फिकट पेन्सिल, राहून गेलेले शेवटचे पान, चुकीच्या प्रश्नाला जोडलेले पान हे सगळे याच वेळी सापडले पाहिजे. एरवी लिहिलेल्या उत्तरालाही शून्य पडते आणि पुढे तक्रारी निस्तरण्यात दुप्पट वेळ जातो.

मग तपासणी. कागदावर आपण एकाचा पूर्ण पेपर संपवून दुसरा उचलतो. पडद्यावर सगळ्यांचा पहिला प्रश्न आधी संपवायचा, मग दुसरा घ्यायचा. डोक्यात एकच उत्तर राहत असल्याने वेग वाढतो. शिवाय एखाद्याचा पहिला प्रश्न सुरेख सुटला म्हणून पुढच्या प्रश्नांत नकळत हात सैल सुटत नाही. नावे झाकायची सोय असेल तर ती जरूर वापरावी. टीए अनेक असतील तर एक प्रश्न एकाकडेच द्यावा, म्हणजे त्या प्रश्नापुरता सगळ्या वर्गाला एकच हात लागतो.

या सगळ्याचा कणा म्हणजे रुब्रिक, गुणदानाच्या निकषांची यादी. एक उदाहरण घेऊ. प्रश्न 5 गुणांचा: दोन फासे टाकले असता वरच्या पृष्ठभागांवरील अंकांची बेरीज 8 येण्याची संभाव्यता काढा. नमुना अवकाशात 36 घटक, त्यांतले अनुकूल (2,6), (3,5), (4,4), (5,3), (6,2). उत्तर 5/36.

लगेच गुण द्यायला लागू नये. आधी दहा-पंधरा उत्तरे नुसती वाचावीत. मुले कुठे अडखळतात ते त्यातच दिसते. कोणी (4,4) दोनदा मोजून 6/36 लिहितो. कोणी छेदात क्रम धरतो, अंशात मात्र सोडतो आणि 3/36 वर थांबतो. कोणी रीत न दाखवता नुसते उत्तर लिहितो. यावरून यादी होते: बरोबर, पूर्ण गुण; (4,4) दोनदा, वजा 1; अंशात क्रम सोडला, वजा 2; रीत नाही, वजा 3. प्रत्येक निकषाला आकडा मिळतो. कीबोर्डवर 1, 2, 3 दाबले की तो निकष लागू होतो आणि झेड दाबले की पुढचे न तपासलेले उत्तर समोर येते.

मधेच एक उत्तर येते, त्यात जोड्यांची यादीच नसते. विद्यार्थिनीने लिहिलेले असते: पहिल्या फाशावर 1 सोडून काहीही चालेल, म्हणून 5/6, मग दुसऱ्यावर नेमका एकच अंक हवा, म्हणून 1/6, गुणाकार 5/36. उत्तर पूर्ण बरोबर आणि रीतही देखणी. इथे थांबून ‘वेगळी पण योग्य रीत, पूर्ण गुण’ असा निकष वाढवायचा. पुढे प्राध्यापकांना वाटले की क्रम सोडण्याला वजा 2 जास्त होतात, दीड करा, तर यादीत एकदाच बदल करायचा. आधी तपासलेल्या प्रत्येक उत्तराचे गुण आपोआप सुधारतात. कागदावर त्यासाठी सगळा गठ्ठा पुन्हा उपसावा लागला असता. पडद्यावरच्या तपासणीचा खरा लाभ हाच आहे: शेवटच्या पेपरपर्यंत आलेली समज पहिल्या पेपरलाही लागू करता येते.

निकषाची शब्दरचना विद्यार्थ्याला जशीच्या तशी दिसते, म्हणून ती त्याच्यासाठी लिहावी. ‘चूक’ एवढ्याने काही कळत नाही. ‘छेदात (2,6) आणि (6,2) वेगळे धरलेत, तसेच अंशातही धरा’ असे लिहिले की तो पुढच्या वेळी ती चूक करत नाही.

प्रोग्रामिंगची असाइनमेंट असेल तर ऑटोग्रेडर कोड चालवून ठरलेल्या चाचण्यांवर गुण देतो. पण फाइलचे नाव चुकले तरी तो शून्य देतो, म्हणून शून्यांची यादी टीएने स्वतः उघडून पाहावी. कॉपीच्या तपासासाठी अॅलेक्स एकन यांनी बर्कलेत असताना 1994 मध्ये बनवलेले मॉस हे सॉफ्टवेअर वापरतात. ते फक्त साम्य दाखवते. कॉपी झाली की नाही, हे माणसानेच ठरवायचे.

गुण जाहीर करण्याआधी प्रत्येक प्रश्नाची सरासरी पाहावी. एखाद्या प्रश्नात सगळाच वर्ग घसरला असेल तर प्रश्न किंवा निकष पुन्हा वाचावा. जाहीर झाल्यावर पुनर्तपासणीचे अर्ज येतात. त्यांना मुदत द्यावी आणि उत्तर निकषाच्या आधारेच द्यावे. एका अर्जावरून निकष बदलला तर तो सगळ्यांसाठी बदलावा. अमेरिकेत 1974 च्या फर्पा कायद्यानुसार विद्यार्थ्याचे गुण ही त्याची खासगी नोंद आहे, त्यामुळे वर्गाच्या ग्रुपवर गुणांची यादी टाकायची नाही.

तयारी न करता घाई केली तर काय होते, हे आपल्याकडेच दिसले: 2017 साली मुंबई विद्यापीठाने पडद्यावरची तपासणी एकदम सर्व शाखांना लागू केली आणि निकाल कित्येक आठवडे रखडले. स्कॅनिंग, प्रशिक्षण आणि सराव यांना पुरेसा वेळ दिल्याशिवाय कोणतीही यंत्रणा चालत नाही. टीएच्या छोट्या वर्गालाही हेच लागू आहे. म्हणून पहिल्यांदा हे काम हाती घेणाऱ्यांना एवढेच सांगणे: पहिला अर्धा तास गुण न देता उत्तरे वाचण्यात घाला आणि निकष नीट लिहा. विद्यार्थ्याने तुमच्यासमोर रात्रभराचे कष्ट ठेवलेले असतात, त्याला गुणांबरोबर त्यांचे कारणही मिळाले पाहिजे.