‘पूर्ण मनाने’ म्हणजे नक्की काय?



आपल्या मंडळ्यांत ‘समर्पण’ हा शब्द फार वापरला जातो. उपदेशाच्या शेवटी, उपवास-प्रार्थनेत, तरुण संघाच्या शिबिरात शेवटच्या रात्री तो हमखास येतो. हात वर करायला सांगतात, लोक हात वर करतात, काहींच्या डोळ्यांत पाणी येते. ते पाणी खोटे असते असे मी मुळीच म्हणत नाही. पण एका महिला मंडळाच्या बायबल अभ्यासात एका मावशींनी मला सरळ विचारले, “ताई, मन दिलं, मन दिलं म्हणतात. दिलं म्हणजे सोमवारी सकाळी उठून करायचं काय?” त्या प्रश्नावर थोडे सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

आधी शब्द पाहू. मराठीत आपण ‘हृदय’ म्हटले की भावना आठवतात. प्रेम, दुःख, कळवळा. जुन्या कराराच्या इब्री भाषेत या जागी ‘लेव’ किंवा ‘लेवाव’ हा शब्द येतो आणि त्याचा आवाका याहून बराच मोठा आहे. इब्री माणूस लेवने विचार करतो, आठवण ठेवतो, बेत करतो, निर्णय घेतो. शलमोन राजाने देवाकडे न्याय करण्यासाठी समजूत मागितली (१ राजे ३:९), तिथेही मूळ शब्द हाच आहे. म्हणून मराठी बायबलमध्ये अनेक ठिकाणी ‘हृदय’ न म्हणता ‘मन’ म्हटले आहे, आणि मला ते जास्त जवळचे वाटते. अनुवाद ६:५ मध्ये मन, जीव आणि शक्ती अशा तीन गोष्टींनी देवावर प्रीती करायला सांगितले आहे. तीच आज्ञा प्रभूने सांगितली तेव्हा मार्काच्या शुभवर्तमानात (१२:३०) बुद्धी वेगळी मोजली आहे. यहूदी शास्त्र्यांनी तर यातल्या ‘शक्ती’चा एक अर्थ ‘तुझ्या सगळ्या पैशाअडक्याने’ असा लावला. मिश्नामध्ये तो नोंदलेला आहे. म्हणजे डोळ्यांतले पाणी, डोक्यातले बेत आणि खिशातली रक्कम ही सगळी एकाच आज्ञेखाली येतात.

अर्धे मन कसे असते हे समजायला बायबलमधला माझा आवडता धडा दुसऱ्या इतिहासाच्या २५व्या अध्यायात आहे. त्यावर उपदेश फारसे होत नाहीत. यहूदाचा राजा अमस्या २५ वर्षांचा असताना गादीवर बसला आणि त्याने २९ वर्षे राज्य केले. सुरुवातीलाच लेखक त्याच्याबद्दल निकाल देऊन टाकतो: तो देवाच्या दृष्टीने बरोबर ते करी, पण पूर्ण मनाने नाही. आता हा माणूस वाईट होता असे समजू नका. बापाच्या मारेकऱ्यांना त्याने शिक्षा केली, पण मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे त्यांच्या मुलांना हात लावला नाही. त्या काळचे राजे पाहता ही साधी गोष्ट नव्हती. पुढे अदोमाशी लढाई ठरली तेव्हा त्याने इस्राएलाचे एक लाख शिपाई भाड्याने घेतले आणि त्यासाठी शंभर किक्कार चांदी मोजली. आजच्या मापाने ती तीन टनांहून जास्त भरेल. देवाचा माणूस येऊन म्हणाला, हे सैन्य नेऊ नकोस. त्यावर अमस्याने विचारले ते अगदी आपल्यासारखे आहे: मग दिलेल्या पैशाचे काय? उत्तर मिळाले की याहून पुष्कळ अधिक द्यायला देव समर्थ आहे. आणि अमस्याने ऐकले! चांदी बुडीत धरली, सैन्य परत पाठवले, लढाई जिंकली.

इथे गोष्ट संपली असती तर आपण त्याला समर्पणाचा नमुना म्हटले असते. पण विजयाहून येताना त्याने सेईरकरांची दैवते बरोबर आणली आणि त्यांच्यापुढे धूप जाळला. जी दैवते आपल्याच लोकांना वाचवू शकली नाहीत त्यांच्या मागे कशाला लागतोस, असे संदेष्ट्याने विचारले, तेव्हा राजा चिडला. तुला राजाचा सल्लागार कोणी नेमले, गप्प राहा, नाहीतर मार खाशील, अशा अर्थाचे तो बोलला. पुढे त्याने फुशारकीने इस्राएलाच्या राजाला लढाईचे आव्हान दिले, हरला, कैद झाला आणि यरुशलेमेचा चारशे हात तट पाडला गेला.

मला या धड्यात एक गोष्ट फार खोल वाटते. अमस्याने देवाला महागडी वस्तू दिली होती. शंभर किक्कार चांदी आपल्यातल्या कोणी दिलेली नाही. तरी त्याच्या मनात एक खोली कुलूपबंदच राहिली, आणि त्या दाराशी कोणी आले की तो भांडायला उठे. आपले अर्धे मन कुठे आहे हे शोधायचे असेल तर आपण कशात उदार आहोत ते पाहून उपयोग नाही. कोणी काय विचारले की आपल्याला राग येतो, तिथे शोधावे.

आमच्या कामाच्या भागातले एक उदाहरण देते. गाव आणि नाव सांगत नाही. दिवाळी झाली की आमच्याकडचे पाडे रिकामे होऊ लागतात. कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. जाण्याआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, कुणी लग्नासाठी, कुणी आजारपणासाठी, कुणी नुसती पावसाळ्यातली चूल पेटती राहावी म्हणून. भट्टीवर आठवड्याला खर्ची मिळते, तीही वहीत चढते. आजारी पडलात तर खाडा. हंगाम संपला की हिशेब होतो, आणि काम करूनही बाकी कामगाराच्याच अंगावर निघते. मग पुढच्या वर्षी त्याच भट्टीवर. कर्जात अशी माणसे बांधून ठेवणे १९७६च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे, पण ज्याला वही वाचता येत नाही त्याच्यापर्यंत कायदा पोचायला वेळ लागतो.

असाच एक मुकादम विश्वासात आला. समाजातलाच माणूस, स्वतः लहानपणी भट्टीवर विटा थापलेला. दारू सोडली, उपासनेत ढोलकी वाजवू लागला, दशांश नियमाने देऊ लागला. मंडळीत सगळ्यांना आनंद झाला आणि तो योग्यच होता. पण त्याची वही तशीच चालू होती, आणि तिच्यात लोकांच्या नावापुढे दुप्पट झालेले आकडे होते. त्याच मंडळीत, त्याच चटईवर, त्याच्या वहीत नाव असलेल्या बाया बसत. एकदा लूक १९ मधला जक्कय वाचून झाल्यावर तो मला बाजूला येऊन म्हणाला, “ताई, दारू दिली, दशांश देतो. वही पण द्यायची का?”

हा प्रश्न आवाज चढवून आला होता, अमस्याच्या आवाजात. तरी तो विचारला गेला याचे मला समाधान वाटले. मी म्हटले, “दादा, जक्कयाला प्रभूने हिशेब मागितलाच नव्हता. प्रभू फक्त त्याच्या घरी जेवायला गेला. हिशेब त्याने स्वतः काढला.” त्यानंतर दोन महिने तो माझ्याशी नीट बोलला नाही. मग एका रविवारी दुपारी तीन कुटुंबांना बोलावून त्याने त्यांची पाने शाळेतल्या मुलीकडून मोठ्याने वाचून घेतली आणि चुकीचे आकडे खोडले. तीनच कुटुंबे. वहीत आणखी बरीच आहेत. मालकाला काय सांगायचे हा त्याच्यापुढचा प्रश्न खरा आहे. त्याचे स्वतःचे घरही त्याच पैशावर चालते. पूर्ण समर्पण असे पानापानाने होताना मी पाहिले आहे, आणि ते एका रात्रीत झाले नाही म्हणून खोटे आहे असे मला वाटत नाही.

आता दुसऱ्या बाजूने बोलायला हवे, कारण ‘समर्पण’ या शब्दाचा गैरवापरही मी पाहते. देवाला मन द्या म्हणता म्हणता काही ठिकाणी ते माणसाच्या हाती द्यायला सांगितले जाते. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला “समर्पणाने सहन कर” असे सांगणे हा तिच्यावर दुसरा मार आहे. सिकलसेलच्या लेकराला प्राथमिक आरोग्य केंद्रात न नेता “पूर्ण विश्वास ठेवा” म्हणणे हेही तसेच. लूक स्वतः वैद्य होता, हे कलस्सैकरांस पत्रात (४:१४) लिहिले आहे. प्रार्थना करावी आणि गाडीही बोलवावी. आदिवासी विश्वासणाऱ्यांना तर आणखी एक गोष्ट सोडायला सांगितली जाते: बोली, तारपा, भिंतीवरची चित्रे, नाचाचा फेर. देवाला मन दिलेला वारली माणूस वारली बोलतच प्रार्थना करील. पेन्टेकॉस्टच्या दिवशी लोकांनी देवाची महत्कृत्ये आपापल्या भाषेत ऐकली होती.

या फरकासाठी मला नेहमी पंडिता रमाबाईंचा आधार वाटतो. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही लेक दुष्काळात आईबाप गमावून भावाबरोबर पायी हिंडली, कलकत्त्याला विद्वानांनी तिला पंडिता म्हटले, आणि १८८३च्या सप्टेंबरात इंग्लंडमधल्या वाँटेज येथे तिचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या धर्मभगिनींशी तिचा पुढे पत्रव्यवहार चालला. त्यात त्यांनी तिला चर्चची शिकवण निमूट मान्य करायला सांगितली. रमाबाईंनी नम्रपणे, पण स्पष्ट नकार दिला: एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मी सुटले ते दुसऱ्याच्या जोखडात मान द्यायला नाही, असा त्यांचा आशय होता. पुष्कळांना ही बाई हट्टी वाटली.

पण हीच बाई १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत काय सांगते? बाप्तिस्मा होऊन वर्षे लोटली तरी मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, खुद्द ख्रिस्त सापडला नव्हता. सुमारे आठ वर्षांनी, शारदा सदन सुरू होऊन चांगले नाव झाले असताना, त्यांना ती उणीव कळली आणि त्यांनी आहे तशा स्थितीत स्वतःला प्रभूच्या स्वाधीन केले. माणसांपुढे न वाकलेले मन तिथे वाकले. त्यानंतरचे काम पाहा. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार बायकामुलींना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती मिशन त्यातून वाढले. मग इब्री आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे भाषांतर हाती घेतले. मराठीत ते आधीच होते, पण कमी शिकलेल्या बाईलाही वाचता यावे म्हणून त्यांना सोपी मराठी हवी होती. १९२२ साली देवाघरी जाईपर्यंत त्या हे काम करीत होत्या. एवढी बुद्धी असलेल्या व्यक्तीने बुद्धी बाजूला ठेवून समर्पण केले नाही. बुद्धीच समर्पित केली. मार्काने बुद्धी वेगळी का मोजली ते मला रमाबाईंकडे पाहून कळते.

तुम्ही वाचक बहुतेक शहरांतल्या मंडळ्यांचे सभासद आहात. या कामाला तुम्ही नियमित देणगी देता, जुने कपडे, वह्या-पुस्तके पाठवता. त्याबद्दल मनापासून आभार. पण आभारांसोबत थोडे खरे बोलू द्या. देणगी ही कधीकधी त्या शंभर किक्कार चांदीसारखी होते. दूरच्या पाड्यावरच्या मुलीसाठी आपण सहज पैसे देतो, आणि घरात धुणीभांडी करणाऱ्या आदिवासी मुलीची सुट्टी व पगार यांवर घासाघीस करतो. प्लॉटवरून भावाशी दहा वर्षे बोलत नाही आणि प्रभुभोजन घेतो. मुलांच्या लग्नाचा विषय निघाला की मूळ जात कोणती हे हळूच विचारतो. मावशींनी विचारलेली सोमवारची सकाळ इथे सुरू होते. घरात यांपैकी जो विषय काढला की आवाज चढतो, तो आधी घ्यावा. एकच घ्यावा. कुठल्यातरी एका माणसाशी बोलावे लागते, कुठला तरी एक आकडा दुरुस्त करावा लागतो. नुसते मनातल्या मनात समर्पण फार काळ टिकत नाही, असा माझा अनुभव आहे.

आणि प्रार्थना कोणती करावी? ८६व्या स्तोत्राच्या ११व्या वचनात दाविदाने देवाकडे मागितले आहे की माझे मन एकाग्र कर, म्हणजे विखुरलेले मन एकत्र आण. मला ही विनंती फार दिलासा देते. मन गोळा करून आणा, मग माझ्याकडे या, अशी अट तिथे नाही. गोळा करायचे कामही देवाकडेच सोपवले आहे. आमच्या पाड्यावरच्या रात्रीच्या प्रार्थनेत आम्ही हे वचन वाचतो आणि मग थोडा वेळ कोणी काही बोलत नाही. कंदिलाभोवती पाखरे फिरत असतात, एखादे मूल झोपेत कुरकुरते. मुकादमदादाही त्या गोलात असतो. वही हल्ली तो बरोबर घेऊन येतो.