‘पासवर्ड टाकून ठेवतो, परत बोलवायला नको’ : दुकान-पतसंस्थेच्या कॉम्प्युटरवर अ‍ॅडमिनचा हक्क कुणाला द्यायचा?

बेळगाव / प्रतिनिधी

महिन्याची विसावी तारीख जवळ आलीय, जीएसटीआर-३बी भरायचा आहे आणि काउंटरवरची ताई सांगते, "मालक, बिलिंगचा प्रोग्राम उघडत नाही, अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागतोय." मालक कॉम्प्युटरवाल्या पोराला फोन लावतात. पोरगा येतो, पासवर्ड टाकतो, प्रोग्राम चालू होतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी कंटाळून तो म्हणतो, "मालक, ताईंच्या खात्यालाच अ‍ॅडमिन करून टाकतो. परत बोलवायला नको." मालक मान हलवतात. काम झालं!

रविवार पेठेतलं होलसेल दुकान असो, निपाणीतली पतसंस्था असो की इंदूर-वडोदऱ्यातलं एखादं मराठी माणसाचं सीए ऑफिस, हे चित्र सगळीकडे ओळखीचं आहे. पण त्या एका होकारात मालकाने नक्की काय देऊन टाकलं, हे बहुतेकांना कळलेलंच नसतं. ते कळलं तर त्याच कामासाठी कमी धोक्याचा रस्ताही आहे, हे लक्षात येतं.

कॅशियर आणि मॅनेजर

विंडोजवर मुख्यतः दोन प्रकारची खाती असतात : स्टँडर्ड आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. बँकेच्या भाषेत सांगायचं तर स्टँडर्ड म्हणजे कॅशियर आणि अ‍ॅडमिन म्हणजे मॅनेजर. कॅशियर आपल्या खिडकीवर पैसे घेतो, देतो, पावती करतो. तिजोरीचं कुलूप बदलणं, नवा माणूस ठेवणं, जुनी वही नष्ट करणं हे त्याच्या हातात नसतं. तसंच स्टँडर्ड खात्यातून बिल करता येतं, एक्सेल वापरता येतं, मेल पाहता येतो, प्रिंट काढता येते. सगळ्या कॉम्प्युटरवर परिणाम करणारं सॉफ्टवेअर बसवणं, अँटिव्हायरस बंद करणं, दुसऱ्याच्या खात्यातल्या फायली उघडणं मात्र अ‍ॅडमिनलाच जमतं.

विंडोज एक्सपीच्या काळात घरोघरी आणि दुकानोदुकानी सगळे अ‍ॅडमिन म्हणूनच बसायचे. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आली आणि तिच्याबरोबर ‘युजर अकाउंट कंट्रोल’ आलं. स्क्रीन काळपट होऊन मध्ये येणारी चौकट ती हीच. अ‍ॅडमिन खात्यात बसलेल्याला ती फक्त ‘येस’ की ‘नो’ विचारते. स्टँडर्ड खात्यात बसलेल्याकडे मात्र अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागते. म्हणजे ही चौकट म्हणजे बिघाड नव्हे. मॅनेजरची सही घेऊन या, असं ती सांगत असते.

साधं बिल करायला मॅनेजरची सही कशाला?

बिल करणं हे कॅशियरचंच काम. मग प्रोग्राम अ‍ॅडमिन का मागतो? बहुतेक वेळा उत्तर एकच असतं : प्रोग्राम जुन्या पद्धतीने लिहिलेला आहे.

सी ड्राइव्हमधलं ‘प्रोग्राम फाइल्स’ हे फोल्डर प्रोग्राम ठेवण्यासाठी आहे, रोजचा डेटा ठेवण्यासाठी नाही. तिथलं काहीही स्टँडर्ड खात्याला वाचता येतं, पण बदलता येत नाही. जुने बिलिंगचे आणि स्टॉकचे कित्येक प्रोग्राम आपली डेटा फाईल याच फोल्डरमध्ये ठेवतात. प्रत्येक बिल म्हणजे त्या फाईलमध्ये नवी नोंद. ती करायला गेलं की विंडोज अडवतं. काही प्रोग्राम रजिस्ट्रीच्या, म्हणजे विंडोजच्या मुख्य नोंदवहीच्या, सगळ्यांसाठी सामाईक असलेल्या भागात लिहायला जातात. तिथंही तेच होतं. आणि काहींच्या आत ‘मला अ‍ॅडमिनच लागतो’ अशी सूचनाच लिहून ठेवलेली असते, मग खरी गरज असो वा नसो.

म्हणजे प्रोग्रामला अख्खं मॅनेजरपद नको असतं. एका कपाटाची चावी हवी असते.

‘परवाची बिलं गेली कुठं?’

या गोंधळातून एक चमत्कारिक तक्रार येते. सकाळच्या पाळीतल्या ताईने केलेली बिलं दुपारच्या पाळीतल्या मुलाला दिसत नाहीत. दोघांचा कॉम्प्युटर एक, प्रोग्राम एक, खाती मात्र वेगळी.

जुने ३२-बिट प्रोग्राम अडू नयेत म्हणून विंडोजने एक पळवाट ठेवली आहे. असा प्रोग्राम ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये लिहायला गेला की विंडोज ती फाईल गुपचूप त्या-त्या वापरणाऱ्याच्या ‘व्हर्च्युअल स्टोअर’ नावाच्या खासगी फोल्डरमध्ये वळवतं. प्रोग्रामला वाटतं आपण मूळ जागीच लिहिलं. ताईंची फाईल ताईंच्या खात्यात, मुलाची मुलाच्या. मालकांनी ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ करून उघडलं तर तिसरीच, जुनी फाईल समोर येते. बिलं चोरीला गेलेली नसतात, तीन वह्यांत विभागलेली असतात. अशा वेळी घाईने काही पुसू नये. आधी तिन्हीची कॉपी काढून ठेवावी.

दुसरा घोळ पासवर्ड टाकल्यावर होतो. स्टँडर्ड खात्यात बसून अ‍ॅडमिनचा पासवर्ड दिला की तो प्रोग्राम ताईंच्या नावाने चालत नाही, अ‍ॅडमिनच्या नावाने चालतो. त्यातून ‘डेस्कटॉप’वर सेव्ह केलेली फाईल ताईंच्या डेस्कटॉपवर येत नाही, अ‍ॅडमिनच्या डेस्कटॉपवर जाते. ताईंच्या खात्यात जोडलेला नेटवर्क ड्राइव्हही त्या प्रोग्रामला दिसत नाही. "सेव्ह केलं होतं हो, पण सापडत नाही" यातल्या निम्म्या भांडणांचं मूळ इथं असू शकतं.

अ‍ॅडमिन दिला तर बिघडतं कुठं?

इथं ताईंच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न नाही. ताई ज्या खात्यात बसल्या आहेत, त्या खात्याचा हक्क तिथं चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला मिळू शकतो, हा प्रश्न आहे. कुरिअरच्या नावाने आलेल्या मेलमधली फाईल चुकून उघडली आणि सवयीने ‘येस’ दाबलं, तर त्या फाईललाही मॅनेजरपद मिळतं. मग ती अँटिव्हायरस बंद करू शकते, विंडोजने ठेवलेल्या फायलींच्या जुन्या प्रती पुसू शकते, सगळ्यांच्या खात्यात शिरू शकते आणि कॉम्प्युटर चालू झाला की आपोआप सुरू व्हायची सोयही लावून घेऊ शकते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट असावी. स्टँडर्ड खातं म्हणजे चिलखत नव्हे. फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारे रॅन्समवेअर ताईंना ज्या फायली बदलता येतात त्या सगळ्या खराब करू शकतं. त्यासाठी अ‍ॅडमिन लागत नाही. फरक पडतो तो नुकसान कुठवर पसरतं आणि त्यातून परत उभं राहता येतं की नाही, यात. म्हणून बॅकअपला पर्याय नाही, आणि तो रोज कॉम्प्युटरला जोडून ठेवलेल्या डिस्कवर नको. काम झालं की डिस्क काढून कपाटात ठेवावी.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने हा नुसता कॉम्प्युटरचा विषय नाही. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. "व्हायरसने डेटा गेला" असं सांगून ती जबाबदारी आपोआप संपत नाही. पतसंस्थेत तर लोकांच्या ठेवींचा हिशेब असतो. रोख मोजणारा आणि वही लिहिणारा एकच माणूस नको, हा ऑडिटमधला पहिला धडा. नोंद करणाऱ्याच्याच हातात सगळा कॉम्प्युटर बदलायचा हक्क देणं, हे त्या धड्याच्या विरुद्ध आहे. उद्या हिशेबात फरक निघाला तर संशय पहिल्यांदा त्या ताईंवरच येणार. हक्क कमी ठेवणं यात त्यांचंही संरक्षण आहे.

तीन शॉर्टकट, तिन्ही महागात पडणारे

पहिला शॉर्टकट म्हणजे खात्यालाच अ‍ॅडमिन करणं. त्याबद्दल वर आलंच.

दुसरा म्हणजे ती चौकट बंद करणं. ‘नेव्हर नोटिफाय’वर काटा नेला की कटकट संपेल असं वाटतं. पण स्टँडर्ड खात्यात त्याचा उपयोगच नाही. अ‍ॅडमिन लागणारं काम विंडोज न विचारता नाकारतं. आणि अ‍ॅडमिन खात्यात न विचारता होऊ देतं, जे जास्त वाईट.

तिसरा हुशारीचा वाटतो. ‘रन अ‍ॅज’ या आज्ञेला ‘पासवर्ड लक्षात ठेव’ अशी जोड देऊन डेस्कटॉपवर एक शॉर्टकट करून देतात. पासवर्ड एकदाच टाकायचा, पुढे नुसतं डबल-क्लिक. अडचण अशी की विंडोज तो पासवर्ड त्या एका प्रोग्रामपुरता लक्षात ठेवत नाही. त्याच आज्ञेत प्रोग्रामचं नाव बदललं की दुसरा कुठलाही प्रोग्राम त्याच अ‍ॅडमिन खात्याच्या नावाने सुरू करता येतो. चेकबुकच्या सगळ्या पानांवर सह्या करून ते काउंटरवर ठेवण्यासारखं आहे हे.

युनिक्समध्ये ‘सुडो’ नावाची सोय १९८० च्या सुमारास तयार झाली. अमुक माणसाला अमुकच आज्ञा अ‍ॅडमिन म्हणून चालवू दे, असा नेमका नियम तिथं लिहिता येतो. विंडोज ११ मध्येही २०२४ पासून ‘सुडो’ आलंय, पण असा माणूस-आणि-आज्ञावार नियम त्यात नाही. मोठ्या कंपन्यांसाठी मायक्रोसॉफ्टच्या इन्ट्यून सेवेत ठराविक प्रोग्रामलाच हक्क देण्याची सोय आहे, पण ती पैसे मोजून घ्यावी लागते. चार कॉम्प्युटरच्या दुकानाला ते परवडेल असं नाही. त्यांच्यासाठी पुढचा रस्ता.

मग करायचं काय?

कॉम्प्युटरवाल्याला "अ‍ॅडमिन करून दे" असं सांगू नका. "प्रोग्राम कुठे अडतोय ते शोध" असं सांगा. पुढचं काम या क्रमाने करून घ्या :

१. सगळ्यात आधी डेटाचा बॅकअप. ‘व्हर्च्युअल स्टोअर’मध्ये काही पडलंय का तेही बघायचं.

२. प्रोग्रामची नवी आवृत्ती आहे का, हे विक्रेत्याला विचारायचं. नव्या आवृत्तीत हा प्रश्न सुटलेला असेल तर बाकी खटाटोप नको.

३. डेटा दुसरीकडे ठेवता येतो का बघायचं. बऱ्याच प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये डेटा फोल्डरचा पत्ता बदलता येतो. ‘प्रोग्राम फाइल्स’च्या बाहेर वेगळं फोल्डर केलं की अर्धं काम झालं.

४. त्या डेटा फोल्डरवर राइट-क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’, तिथून ‘सिक्युरिटी’, मग ‘एडिट’. बिल करणाऱ्या खात्यांना ‘मॉडिफाय’चा हक्क द्यायचा. हा हक्क फक्त डेटाच्या फोल्डरवर. प्रोग्रामची मूळ फाईल असलेल्या फोल्डरवर दिला तर ती फाईलच कुणी बदलू शकतं, आणि पुढे अ‍ॅडमिनने ती उघडली की फसगत.

५. तरी अडलं तर मायक्रोसॉफ्टचं ‘प्रोसेस मॉनिटर’ हे मोफत साधन वापरायचं. प्रोग्राम कुठल्या फाईलवर किंवा रजिस्ट्रीच्या कुठल्या नोंदीवर अडला, तिथं ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ असं ते दाखवतं. नेमक्या तेवढ्याच जागेचा हक्क द्यायचा.

६. प्रोग्राम उगाचच अ‍ॅडमिन मागत असेल तर ‘रन अ‍ॅज इन्व्होकर’ ही सोय आहे. ‘ज्याने उघडलंय त्याच्याच हक्कात चाल’ असं ती प्रोग्रामला सांगते. तिच्यामुळे जादा हक्क मिळत नाही, फक्त पासवर्डची मागणी थांबते. अनुभवी माणूस दोन ओळींच्या बॅच फाईलमध्ये हे बसवून देतो.

प्रिंटरचा ड्रायव्हर, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, प्रोग्रामचं अपडेट यांना अ‍ॅडमिन खरंच लागतो. पण तो बसवताना, एकदा. रोज सही करायला किंवा प्रिंट काढायला नाही.

आज संध्याकाळी दुकान बंद करण्याआधी

‘सेटिंग्ज’मध्ये ‘अकाउंट्स’ उघडा. रोजच्या खात्याच्या नावाखाली ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ असं दिसलं, तर आधी एक नवं, वेगळं अ‍ॅडमिन खातं तयार करा. त्याला चांगला पासवर्ड द्या आणि एकदा त्यात शिरून ते चालतंय याची खात्री करा. त्यानंतरच रोजचं खातं स्टँडर्ड करा. क्रम उलटा झाला तर स्वतःच्याच कॉम्प्युटरबाहेर अडकायची वेळ येते.

नव्या खात्याचा पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट बंद करून तिजोरीत ठेवा. मॉनिटरच्या कडेला चिकटवू नका. कॉम्प्युटरवाल्या पोराला लागेल तेव्हा मालकांनी स्वतः टाकून द्यायचा. आणि मालक स्वतःही रोज स्टँडर्ड खात्यातच बसले तर उत्तम, कारण चुकीची मेल मालकांनाही येते.

पहिला आठवडा थोडी कुरकुर होईल. एखादा प्रोग्राम अडेल, कुणीतरी म्हणेल, "आधीच बरं होतं." तेव्हा पासवर्ड देण्याआधी एकच प्रश्न विचारायचा : हा नक्की कुठल्या कपाटाची चावी मागतोय? तेवढी चावी द्या. जुडगा आपल्याच कमरेला राहू द्या.