फुंकरीची काच, हातचं नाव

बालाघाटजवळच्या भरवेलीच्या खाणीतलं मँगनीज पोलादाच्या भट्ट्यांकडे जातं, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. त्याचं काचेशी असलेलं नातं मात्र फारसं कुणी सांगत नाही. वाळूतल्या लोहामुळे काच हिरवट होते. वितळत्या काचेत थोडं मँगनीज डायऑक्साइड घातलं की ती झाक मरते, म्हणून जुने कारागीर त्याला काचेचा साबण म्हणत. हात सैल सुटला तर काच जांभळी होते. आता हे काम बरंचसं सेलेनियम आणि कोबाल्टकडे गेलंय. तरी नाताळच्या झाडावर टांगायच्या काचगोळ्याची गोष्ट बालाघाटकराने इथूनच सुरू करावी.

या गोळ्याचं माहेर जर्मनीतलं लाउशा. थुरिंगियाच्या जंगलातल्या या गावात १५९७ साली काचभट्टी पेटली. सफरचंदं परवडेनात म्हणून एका गरीब कारागिराने काचेची फळं फुंकली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका गोड आहे, म्हणूनच जरा संशयास्पद. पक्का पुरावा १८४८ सालच्या मागणीवहीतला: सहा डझन गोळे. १८६७ मध्ये गावात गॅस आला, ज्योत हवी तशी लहानमोठी करता येऊ लागली आणि गोळे मोठे व पातळ झाले. घरातला पुरुष नळी तापवून फुंकायचा. बायका आत सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण ओतून गोळा गरम पाण्यात हलवायच्या, की आतून चांदीचा आरसा धरायचा. मग रंगात बुडवणं, खिळ्यांच्या फळीवर वाळत घालणं आणि शेवटी कुंचला. सगळं घरातच, पोरांसकट.

अमेरिकेतल्या वूलवर्थ या दुकानदाराने १८८० मध्ये हा माल जरा नाखुशीनेच घेतला आणि तो हातोहात खपला. पुढे १९३९ मध्ये विजेच्या दिव्यांची काच बनवणारं कॉर्निंग कंपनीचं यंत्र गोळेही काढू लागलं. फुंकणाऱ्याचं दिवसभराचं काम त्याला मिनिटाचंही नव्हतं. यंत्राच्या गोळ्यात हाताला उरली ती रंगवण्याची जागा. आपल्याकडे बांगड्यांचं फिरोजाबाद नाताळची काच परदेशी पाठवतं. आग्र्याच्या ताजमहालाला धुराचा त्रास नको म्हणून १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर फिरोजाबादच्या भट्ट्या कोळशावरून नैसर्गिक वायूकडे वळल्या.

भेट म्हणून ज्या गोळ्याला मागणी असते, त्यावर नाव आणि साल असतं: बाळाचा पहिला नाताळ, नव्या जोडप्याचं पहिलं घर. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. लग्नातल्या पातेल्यावर देणाऱ्याचं नाव आणि तारीख घालून घेणारी माणसं आपण! फरक इतकाच, की पातेलं आपटलं तरी पोचा पडून टिकतं.

काचेवर नाव घालणं कसबाचं आहे. आधी स्पिरिटने बोटांचे डाग पुसायचे, नाहीतर रंग धरत नाही. पुढची अडचण आकाराची. गोलावर बरोबर मध्यावरची आडवी रेघ समोरून सरळ दिसते, त्याच्या वर ती कमानीसारखी वाकते. रोमन अक्षरं यात कशीबशी निभावतात. देवनागरीची शिरोरेघ मात्र चुगली करते. अक्षरं मध्यावर ठेवली तर रेघ वर सरकते आणि फुगते. म्हणून शिरोरेघच मध्याच्या जवळ घ्यावी आणि नाव किंचित खाली लोंबू द्यावं. जोडाक्षरांची नावं मोठ्या गोळ्यावरच शोभतात.

चिनी कारागीर याच्या उलट जातात. वाकड्या कुंचल्याने गोळ्याच्या तोंडातून आतल्या बाजूने रंगवतात, म्हणजे अक्षरं उलटी लिहायची आणि वरचा रंग आधी लावायचा. काचेच्या मागून रंगवण्याची ही रीत आपल्यालाही जुनी ओळखीची. पुण्याच्या केळकर संग्रहालयात अशी काचचित्रं आहेत.

बाजारात हाताने रंगवलेलं म्हणून छापील चिकटनावंही खपवली जातात. ओळखायला सोपं: नावात एकच अक्षर दोनदा आलं असेल तर दोन्ही ताडून पाहावीत. हुबेहूब सारखी निघाली, तर जास्तीचे पैसे देऊ नयेत. खरा हातचा रंग बहुधा भट्टीत भाजलेला नसतो. गोळा ओल्या फडक्याने पुसू नये, कोरड्या मऊ कापडाने पुसावा आणि ही सूचना भेटीच्या चिठ्ठीवरच लिहून द्यावी.