चव जिभेची की नाकाची?

एप्रिल-मे महिन्यांत वाशीच्या घाऊक फळबाजारात हापूसच्या पेट्यांची रास लागते. हापूसचा स्वाद जिभेला कळतो, असे आपण समजतो. वर्गात एक प्रयोग करून पाहा. नाक चिमटीत घट्ट धरून थोडी बडीशेप चावा. ती जेमतेम गोडसर लागेल. आता नाक सोडा. बडीशेपेचा स्वाद एकदम जाणवेल.

असे का होते? जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि टोमॅटो-अळंबीतली उमामी एवढ्याच मूलभूत चवी कळतात. बाकीचे काम नाकाचे. चावताना सुटलेले गंधरेणू उच्छ्वासाबरोबर घशामागून वर नाकाच्या पोकळीत जातात. तेथे सुमारे ४०० प्रकारचे गंधग्राहक असतात. नाक दाबले की हा हवेचा प्रवाह थांबतो. मेंदू दोन्हींकडचे संदेश एकत्र करतो आणि स्वाद तोंडातच आहे असे आपल्याला वाटते.

२०२० मध्ये कोविड झालेल्या अनेकांनी 'तोंडाची चव गेली' अशी तक्रार केली. पुष्कळदा गेला होता तो वास! ही गोष्ट साधी नाही. स्वयंपाकाच्या गॅसची गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे मरकॅप्टन मिसळतात. वासच येत नसेल, तर हा इशारा कळणार कसा? म्हणून कोणी 'चव लागत नाही' म्हणाले, तर 'वास येतो का?' हे आधी विचारावे.