'ते' आणि 'आम्ही'

एखादा कर्मचारी आपल्या संस्थेविषयी बोलताना 'ते' म्हणतो की 'आम्ही', यावरून त्याचे तिच्याशी असलेले नाते कळते. 1985 मध्ये स्टुअर्ट ॲल्बर्ट व डेव्हिड व्हेटन या अभ्यासकांनी संस्थेच्या ओळखीची तीन लक्षणे सांगितली : जे तिच्या गाभ्याशी असते, जे तिला इतरांहून वेगळे करते आणि जे काळाच्या ओघात टिकते. पुढे 1989 मध्ये ब्लेक ॲशफोर्थ व फ्रेड मेल यांनी दाखविले की, मनुष्य संस्थेचे यशापयश स्वतःचे मानू लागतो, तेव्हा तो तिच्याशी तादात्म्य पावलेला असतो. हे तादात्म्य म्हणजे आज्ञाधारकपणा नव्हे. मालकावर रुष्ट असलेल्या कामगाराच्या ठायीही ते असू शकते.

भारतातील कॉफी हाउसांचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे. कॉफीचा खप वाढावा म्हणून 1936 मध्ये मुंबईत पहिले कॉफी हाउस उघडण्यात आले. पुढे कॉफी बोर्डाच्या व्यवस्थापनाखाली देशभर त्यांचे जाळे पसरले. 1950 नंतरच्या दशकात मात्र बोर्डाने ती बंद करण्याचे ठरविले आणि कामगारांपुढे बेकारी उभी राहिली. साम्यवादी नेते ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने त्यांनी स्वतःच्या सहकारी संस्था स्थापन केल्या. 1957 च्या ऑगस्टमध्ये बंगळूर येथे पहिली संस्था निघाली. त्याच वर्षी दिल्लीतही कामगारांचे कॉफी हाउस सुरू झाले.

यामागे चरितार्थाची निकड होती, हे उघडच आहे. परंतु नव्या मालकांनी काय जपले, हेही पाहण्यासारखे आहे. 'इंडिया कॉफी हाउस' हे नाव 'इंडियन कॉफी हाउस' झाले, एवढाच काय तो फरक. शुभ्र गणवेश आणि तुऱ्याचा फेटा तसाच राहिला. जो वेष पूर्वी नोकरीची खूण होता, तो आता मालकीची खूण ठरला.

तादात्म्य घोषणांनी किंवा उपदेशाने निर्माण होत नाही. रोजच्या कामाची रीत, ग्राहकांकडून मिळणारी ओळख, एकत्र सोसलेले संकट आणि निर्णयातील वाटा यांतून ते हळूहळू घडते. कामगाराला निर्णयात वाटा न देता त्याने 'आम्ही' म्हणावे, अशी अपेक्षा करणाऱ्या व्यवस्थापनाने या फेट्याचा इतिहास अवश्य ध्यानी घ्यावा.