सिंगापूरला मेयर का नाही?

मुंबईत महालक्ष्मीहून वरळीकडे जाणारा डॉ. ई. मोझेस रोड आपल्या सर्वांच्या माहितीचा. आपल्या समाजाचे डॉ. एलिजा मोझेस १९३७ साली मुंबईचे मेयर झाले, त्यांचे हे नाव. मी मुलीकडे सिंगापूरला आलो तेव्हा नातवाला हे कौतुकाने सांगितले. त्याने विचारले, "मग आजोबा, इथला मेयर कोण?" उत्तर शोधावे लागले.

इथेही म्युनिसिपालिटी होती. पाणी, वीज, गॅस, रस्ते सगळे तिच्याकडे. तिची मोठी खांबांची इमारत, सिटी हॉल, १९२९ साली पुरी झाली. १९४५ साली जपान्यांनी शरणागतीची सही तिथेच केली. १९५१ साली सिंगापूरला शहराचा दर्जा मिळाला नि म्युनिसिपालिटीची सिटी कौन्सिल झाली.

१९५५ साली डेव्हिड मार्शल सिंगापूरचे पहिले मुख्यमंत्री झाले. ते बगदादी यहुदी घराण्यातले, पेशाने वकील. स्वराज्यासाठी लंडनला बोलणी करायला गेले, ती फिसकटली, तेव्हा १९५६ साली दिलेल्या शब्दाप्रमाणे खुर्ची सोडली.

१९५७ च्या डिसेंबरात कौन्सिलच्या सर्व ३२ जागांसाठी मतदान झाले. ओंग एंग गुआन पहिले मेयर झाले. इंग्रजी थाटाचा राजदंड त्यांनी सभेतून काढून टाकला. गरीब वस्त्यांना नळ नि दिवे दिले. पण अधिकाऱ्यांशी भांडणेही पुष्कळ झाली. १९५९ साली सिंगापूरला अंतर्गत स्वराज्य मिळाले. त्याच वर्षी कौन्सिलची कामे सरकारने आपल्याकडे घेतली. एवढ्याशा बेटावर दोन सरकारे कशाला, असा विचार. पुढे १९६३ साली पाणी, वीज नि गॅस एका वेगळ्या मंडळाकडे गेले.

आज इथे पाच जिल्ह्यांना मेयर आहेत, पण ते नेमलेले. इमारतींची देखभाल टाऊन कौन्सिल करते, नि ती आमदार-खासदारासारखे निवडून आलेले सभासद चालवतात.

रस्ते चकाचक आहेत, हे खरे. तरी मला वाटते, आपल्या गल्लीसाठी मत देण्याचा हक्क वेगळाच. मुंबईत २०२२ च्या मार्चात नगरसेवकांची मुदत संपली नि कारभार कित्येक वर्षे प्रशासकाकडे राहिला. गटार तुंबले तर कोणाचे दार ठोठवायचे, हा प्रश्न तेव्हा आपल्याच माणसांना पडला.

म्हणून नातवंडांना त्या रस्त्यावरून न्या, नि डॉक्टरसाहेब कोण होते ते जरूर सांगा.